बूच उघडण्याआधी

गाडी साठच्या वर गेली की मागून एक सूर लागतो. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत तो चढत राहतो, पाय उचलला की बसतो. दादा शेजारच्या सीटवर डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "क्राऊन-पिनियन." पाय ठेवला काय न् काढला काय, घरघर तशीच राहिली तर बेअरिंग. सरळ रस्त्याला गप्प आणि वळणावर कटकट, तर आतले स्पायडर गिअर गेले. एवढं निदान करायला त्यांना गाडीखाली जावं लागत नाही. खाली जातात ते नंतर, आणि एकदा गेले की आठ दिवस वर येत नाहीत, असं वहिनी म्हणतात.

हे पुस्तक त्या आठ दिवसांचं आहे. जीप, जोंगा किंवा तिच्या जातीच्या कुठल्याही रांगड्या गाडीचे डिफरन्शियलमधले गिअर घरच्या अंगणात, घरच्या हत्यारांनी कसे बदलायचे, एवढाच त्याचा विषय. दादा माझे थोरले चुलतभाऊ. नोकरी सगळी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत, फिटर म्हणून. निवृत्तीनंतर तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटापासून चालत दहा मिनिटांवर, घर बांधलं. घर लहान आणि अंगण मोठं, हा उलटा हिशेब कशासाठी ते लिलावातली जोंगा आणली तेव्हा सगळ्यांना कळलं. पुस्तकाचा मजकूर मुळात तेलाचे डाग पडलेल्या तीन वह्यांमध्ये होता. त्यातली अक्षरं लावण्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्याची मजुरी म्हणून ही प्रस्तावना.

जोंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आजच्या वाचकाला ती सिनेमात किंवा महेंद्रसिंह धोनीच्या फोटोंतच भेटलेली असते. हे नाव जपानी वाटतं, पण आहे आमच्या गावचं. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांतली अक्षरं उचलून ते जुळवलं आहे. गाडी मूळची निसान कंपनीची, 'पेट्रोल 60' या नावाची. आपण पंपावर भरतो त्या पेट्रोलशी या नावाचा संबंध नाही, ते गस्तीसाठीच्या इंग्रजी शब्दाचं आपल्या तोंडी झालेलं रूप. तरीही ते नाव तिला शोभतं, कारण चार लिटरला जरा कमी असं सहा सिलिंडरांचं इंजिन पेट्रोल पिण्यात कुणाला हार जात नसे. जबलपूरची तोफगाड्यांची फॅक्टरी 1904 ची. व्हेईकल फॅक्टरी 1969 मध्ये उभी राहिली, आणि शक्तिमान ट्रक, निसानचा एक टनी आणि जोंगा अशी सेनेची वाहनं इथून निघू लागली. जोंगाचं उत्पादन 1999 पर्यंत चाललं. 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं सात कंपन्यांत वाटप झालं आणि व्हेईकल फॅक्टरी 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे गेली. पाटी बदलली तरी गावात कुणी नवं नाव घेत नाही. अजूनही "व्हेईकल में है" एवढंच म्हणतात.

या कारखान्यांनी जबलपूरला अनेक मराठी घरं आणली, पण त्याआधीचीही होतीच. हा मुलूख 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यामुळे इथली मराठी कानाला थोडी वेगळी लागते. जबलपूरच्या बोलीत एकमेकांना "काय बड्डे" म्हणून हाक मारतात. त्यातलं 'काय' ऐकून पुण्याहून आलेला पाहुणा खूश होतो, मग पुढचं काही कळत नाही म्हणून गप्प बसतो. दादांच्या वह्यांतही हे मिश्रण आहे. 'घोडी लावली', 'चूडी कटली', 'पाना दे बड्डे' अशी वाक्यं मी पुसली नाहीत. पानं 'दुरुस्त' करायला बसलो तेव्हा दादा म्हणाले, "तू व्याकरण बघ, पण आटे माझे राहू दे."

आता मूळ गोष्ट. डिफरन्शियल कशासाठी असतं हे समजायला बैलगाडीकडे बघावं. तिचा आख जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाकं त्यावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त पल्ला तोडतं, आतलं कमी. दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, मधे वंगण घातलं की झालं. बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण जोर चाकांमधून येत नव्हता, पुढे जुंपलेल्या बैलांकडून येत होता. इंजिनाचा जोर आखातून चाकांना द्यायची वेळ आली तेव्हा पेच पडला. दोन्ही चाकं आखाला पक्की केली तर वळणावर एक चाक घसटत जाणार. सुटी ठेवली तर जोर पोचणार नाही. 1828 मध्ये ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी यावरच्या तोडग्याचं पेटंट घेतलं, आणि त्या तोडग्याचा गाभा आजतागायत तोच आहे.

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन. तो मोठ्या क्राऊनला फिरवतो, आणि लांबीच्या दिशेने आलेलं फिरणं काटकोनात वळून चाकांकडे जातं. क्राऊन ज्या पेटीला बोल्टांनी जखडलेला असतो तिच्या पोटात चार छोटे गिअर असतात. गाडी सरळ चालली की ते स्वतः फिरत नाहीत, पेटीबरोबर नुसते गिरक्या घेतात. वळण आलं की ते आपापल्या जागी फिरू लागतात आणि एका चाकाची फेरी कापून दुसऱ्याला देतात. पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणात दादांनी हे पिठाच्या गोळ्यात काड्या खोचून दाखवलं आहे. ते वाचू नका, करून बघा.

याच रचनेची एक खोड आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात रुतून गरगर फिरायला लागलं की त्याला फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून कोरड्या दगडावर टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. गौर नदीच्या काठावर पावसाळ्यात गाडी अडकलेल्यांनी हे दृश्य पाहिलं असेल: तीन चाकं समाधीत आणि एक चाक अंगावर चिखल उडवतंय. त्यावर दोन्ही चाकं एकत्र जखडणारे लॉकर असतात, ते नवव्या प्रकरणात. मला स्वतःला ते प्रकरण गरजेपेक्षा लांब वाटतं. दादांना ते सगळ्यात आवडतं.

गिअर बदलायचे का, या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक तर झिजले किंवा फुटले म्हणून. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मात्र ते फुटतात का, याचं इकडचं कारण ऐकण्यासारखं आहे. दोन-तीन तास पळून तापलेलं डिफरन्शियलचं हौसिंग एकदम गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. वरची श्वासनळी, तिला ब्रीदर म्हणतात, मातीने बुजलेली असेल तर ती हवा सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. महिन्याभराने बूच काढलं तर तेलाच्या जागी ताक. दादांच्या जोंगाचं मागचं डिफरन्शियल असंच गेलं. पाण्यातून रोज जाणाऱ्यांनी ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन ठेवावी. खर्च एका नळीचा.

दुसरं उत्तर गणिताचं आहे आणि ते मला जास्त आवडतं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे रेशो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 39 आणि 8 दातांची जोडी होती, म्हणजे 4.88. पुढच्या विलीजला, आणि तिच्यावरून आपल्याकडे महिंद्राने बनवलेल्या जीपलाही, 43 आणि 8 ची जोडी आली, म्हणजे 5.38. आता समजा 4.88 च्या गाडीला 28 इंची टायर आहेत आणि मालकाने हौसेने 31 इंची घातले. गाडी उंच झाली, रुबाबदार दिसली, आणि चढावर मेली. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे इंजिनाला तेवढी जड उचल. 4.88 चा रेशो आता जणू 4.4 वर आला. त्याच गाडीत 43-8 ची जोडी घातली की हिशेब परत 4.86 वर येतो, म्हणजे होता तिथेच. गंमत पुढे आहे. या गाड्यांत स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून, म्हणजे डिफरन्शियलच्या आधीच्या गिअर-पेटीवरून, चालतो. मोठ्या टायरांनी तो खोटं बोलायला लागलेला असतो, आणि गिअर बदलल्यावर जवळजवळ पुन्हा खरं सांगतो. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकवताना हे उदाहरण दिलं असतं तर आमच्या वर्गातली निम्मी मुलं नापास झाली नसती.

मात्र फोर-व्हील गाडीत मागचा रेशो बदलला की पुढचाही तोच करावा लागतो, हे विसरणारे दर वर्षी भेटतात. पुढे एक आणि मागे दुसरा असला, तर चारही चाकं जोडल्यावर पुढचा आणि मागचा आख एकमेकांशी भांडतात, आणि सुक्या सडकेवर त्या भांडणात काहीतरी तुटतं. खर्च दुप्पट होतो तो इथे. त्या दुप्पट खर्चाला घाबरून जुने टायर परत चढवणाऱ्यांना दादा शहाणे म्हणतात. मीही म्हणतो.

आता या पुस्तकाच्या नावातला 'घरी' हा शब्द. वाचकाला वाटेल, घरी का, तर स्वस्त पडतं म्हणून. पडतंही, पण तेवढ्यावर मी कुणाला क्राऊन-पिनियनला हात लावायला सांगणार नाही. या कामात जोडणी थोडी आणि पारख फार. पिनियन किती आत बसला, क्राऊन त्याच्या किती जवळ आला, बेअरिंगवर किती दाब आला, हे सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचं. एक बदललं की दुसरं हलतं. मग परत उघडा, शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदला, परत लावा, रंग लावा, फिरवा, बघा. चार-पाच वेळा हे झालं तर नशीब चांगलं. दहा वेळा झालं तरी कुणाचा दोष नाही. ज्याच्या लिफ्टवर पुढचं गिऱ्हाईक वाट बघतंय, तो गॅरेजवाला तिसऱ्या वेळेला "चलेगा" म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं असतं. घरी तसं म्हणायचं काही कारण नसतं. दादांकडे भाड्याचा तास नाही, संध्याकाळ आहे.

हे 'चलेगा' आम्हाला एकदा महाग पडलं आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असं चालत नाही, दात मोजून सारखे भरले तरी नाही. एका दुकानातून आणलेल्या डब्यात आम्हाला दोन वेगळ्या नंबरांचे आले. मी म्हटलं, दिसायला तर सारखेच आहेत. दादा त्या वेळी तापाने झोपले होते आणि माझा उत्साह जागा होता. दोनशे किलोमीटरच्या आत ती जोडी इतकी रडायला लागली की नागपूर रस्त्यावर गाईसुद्धा वळून बघायच्या. दादांनी मला काहीच म्हटलं नाही. फक्त पहिल्या वहीत एक नवीन ओळ घातली: 'आधी नंबर वाच. चश्मा लाव.' ती ओळ पुस्तकात आहे, कुणासाठी लिहिली ते नाही.

पिनियनच्या डोक्यावर आणखी एक आकडा असतो, अधिक दोन, उणे तीन असा. कारखान्यातल्या आदर्श बैठकीपेक्षा हा पिनियन किती वर-खाली बसवायचा, त्याची ती खूण. जुन्याचा आकडा आणि नव्याचा आकडा यांची वजाबाकी केली की पहिली शिम किती जाडीची घ्यायची ते कळतं. पण शिम बसते बेअरिंगच्या मागे, आणि बेअरिंग बसतं प्रेसने ठोकून. शिम बदलायची तर दर वेळेला ते ओढून काढायचं, आणि दोनदा काढलं की ते मेलं. इथे दादांची युक्ती आहे. शोध त्यांचा नाही, जगभरचे फिटर करतात, पण त्यांच्या हातून बघण्यात मजा आहे. जुनं बेअरिंग फेकायचं नाही. त्याचं आतलं भोक बारीक पॉलिश पेपरने आतून घासत जायचं, पिनियनवर हाताने सरकेल इतपत. दादांना त्याला दोन संध्याकाळी लागल्या. ओट्यावर बसून, रेडिओ लावून, बोटावर कागद गुंडाळून गोल गोल. मधून पिनियनवर घालून बघायचे, अडलं की मान हलवायचे आणि परत घासायला लागायचे. मग या 'खोट्या' बेअरिंगवर शिमा हव्या तितक्या वेळा बदला. सगळं जमलं की शेवटी एकदाच नवं ठोका.

बेअरिंगवरचा दाब मोजायला कारखान्यात खास पाना असतो. दादा पिनियनच्या फ्लँजला सुतळी गुंडाळतात आणि तिच्या टोकाला शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा लावून सावकाश ओढतात. फ्लँज फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा घ्यायचा, सुटतानाचा झटका नाही. त्याला फ्लँजच्या त्रिज्येने गुणलं की गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघता येतं.

मग बॅकलॅश, म्हणजे दाता-दातामधली मोकळीक. बहुतेक जोड्यांना ती 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास लागते, साध्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवावीत तितकी. हे मात्र डायल गेजनेच मोजायचं. ते विकत घ्या. सुतळीवर भागवायची हौस इथे नको.

आणि सगळ्यात शेवटी रंग. दातांवर पातळ निळा लेप द्यायचा, क्राऊनला कापडाने थोडं अडवून धरायचं आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. जिथे दात दाताला भेटला तिथला निळा पुसला जातो आणि लंबगोल डाग उमटतो. तो डाग वाचायचा. दाताच्या मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. कडेवर चढला असेल तर बाहेर आहे, वाढवा. दाताच्या आतल्या बारीक टोकाकडे, म्हणजे 'टो'कडे, सरकला तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ. बाहेरच्या जाड टोकाकडे, हीलकडे, गेला तर लांब. डाग मधोमध, दोन्ही बाजूंना सैल आणि कडांना न टेकलेला आला की झालं. एका सकाळी अंगणात हे चाललेलं असताना घाटावरून आलेले एक मराठी परिक्रमावासी पाणी प्यायला थांबले. सोलापूरकडचे होते. बराच वेळ क्राऊनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अहो, आमच्याकडं लग्नाच्या पत्रिका बघतात, तसं चाललंय तुमचं." दादा हसले, आणि मान वर न करता म्हणाले, "पत्रिका जुळली तरी आठशे किलोमीटर बघावं लागतं." तेही खरं: नवी जोडी पहिल्या आठशे किलोमीटरभर हळू चालवायची, पहिल्या फेरीत वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून गार होऊ द्यायची, आणि आठशे पूर्ण झाले की ते तेल काढून टाकायचं. त्यात जे चमचमतं ती दोन धातूंची ओळखपाळख.

तिलवाऱ्याबद्दल वाचकांना थोडी कल्पना द्यावी म्हणतो, कारण छायाचित्रांत मागे सारखी नदी दिसते. घाटावर संक्रांतीला मेळा भरतो आणि तीळ वाहतात. 1939 चं त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात झालं, सुभाषबाबू अध्यक्ष असलेलं. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही अंश इथे नर्मदेत सोडला, त्याचं स्मारक आहे. नागपूरचा रस्ता इथूनच नदी ओलांडतो, आणि पुलावरच्या ट्रकांचे आवाज रात्री अंगणात येतात. झोपेत दादा त्यांचीही निदानं करत असावेत, असा वहिनींचा संशय आहे.

दोन गोष्टींत माझं त्यांच्याशी पटत नाही, ते इथे नोंदवतो. जमिनीवरच्या कामात घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, गाडी टेकवायची, ती विटांवर कधीही नको, हे त्यांनी पाचव्या प्रकरणात एका ओळीत उरकलं आहे. मी ते पहिल्या पानावर ठळक अक्षरांत घातलं असतं. वीट न सांगता फुटते, आणि खाली माणूस असतो. दुसरं, ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि तिच्यावर मुलांची शाळा अवलंबून आहे, त्यांनी हे पुस्तक वाचावं पण पाना उचलू नये. दादांना हे मान्य नाही. त्यांची गाडी आठ दिवस उभी राहिली तर फक्त वहिनी बोलतात. आणि एक छोटी सूचना लिलावाची गाडी घेणाऱ्यांना: तिचा तो लष्करी हिरवा रंग कितीही आवडला तरी नियमाने तो सेनेच्या वाहनांपुरताच आहे. दादांची जोंगा आता मळकट पिवळी आहे, आणि त्या रंगाचं नाव काय यावर घरात एकमत नाही.

गिअर-तेलाचा वास हाताला चार दिवस राहतो. गंधकाचा असतो तो, आणि साबणाने जात नाही. डाळीचं पीठ आणि रॉकेल, मग परत डाळीचं पीठ, हा वहिनींचा उपाय परिशिष्टात दिला आहे. सगळ्या पुस्तकात फक्त त्या एका पानावर दादांनी एकही दुरुस्ती सुचवली नाही.

पहिलं प्रकरण जुनं तेल काढण्यापासून सुरू होतं. वाचक उत्साहात असेल, भांडं खाली ठेवून थेट खालच्या बुचाला पाना लावेल. तसं करू नका. हौसिंगला दोन बुचं असतात, एक खाली तेल काढायचं आणि एक वर तेल भरायचं. वरचं वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं, आणि कधी कधी गंजून असं बसतं की त्याची कड गोल होते पण ते हलत नाही. खालचं आधी उघडलं तर सगळं तेल जमिनीवर, नवं घालायला वाट नाही, आणि गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. म्हणून आधी वरचं बूच उघडतं का ते बघा.